अंदमानचे किनारे: आधी पाण्याची वेळ बघा, मग हॉटेल

अंदमानहून परतलेल्या कोल्हापूरकराला विचारलं तर दोनपैकी एक उत्तर मिळतं. "लई भारी" नाहीतर "नीलला काय नव्हतं बघा, नुसते दगड." दोघंही एकाच किनाऱ्यावर जाऊन आलेले असतात. एक भरतीला पोहोचलेला असतो, दुसरा ओहोटीला.

पहिल्या खेपेला आम्ही दुसऱ्या गटातले होतो. सहल-आयोजकाने दिलेल्या कागदावर छापलं होतं, "दुपारी ३ : नैसर्गिक पूल". नील बेटावरच्या लक्ष्मणपूरला पोहोचलो तेव्हा भरती होती आणि पुलाच्या दगडी कमानीकडे जायच्या वाटेवर कमरेएवढं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पोहायला म्हणून त्याच बेटावरच्या भरतपूरला गेलो. मेहुणा टॉवेल खांद्यावर टाकून उभा आणि समोर दूरवर उघडे पडलेले दगड, प्रवाळ. "दाजी, पाणी कुठं गेलं?" त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. ही दोन ठिकाणं नुसती उलटसुलट केली असती, तर दोन्ही मिळाली असती.

त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांची आखणी करून दिली. त्यातून बसत गेलेला क्रम खाली दिला आहे. क्रम मोडलात तर पुढची पायरी फसते, म्हणून सुरुवात पहिलीपासूनच करा.

१. तारीख ठरवताना तिथी बघा

हवामानाच्या दृष्टीने डिसेंबर अखेर ते एप्रिल हा काळ सगळ्यात भरवशाचा. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात पोहोचतो, म्हणजे आपल्याकडे वळिवाची वाट बघत असतो तेव्हा तिथे पावसाळा लागलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे महिने. शाळांना सुट्टी असते म्हणून आपण नेमके दिवाळीतच निघतो. जायला हरकत नाही, पण हाताशी एक दिवस मोकळा ठेवूनच.

मग भिंतीवरचं कॅलेंडर उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त आटतं आणि ओढही जोरात असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी आणि पाणी त्यातल्या त्यात शांत. पोहायला, स्नॉर्केलिंगला (मास्क आणि नळी लावून, तोंड पाण्यात ठेवून खालचं बघायला) भांगाचे दिवस बरे. खडकांतली डबकी आणि नैसर्गिक पूल बघायला पाणी चांगलं आटलेलं हवं, म्हणजे उधाणाकडचे दिवस.

सहा-सात दिवसांच्या सहलीत दोन्ही बसवता येतं. अष्टमीच्या सुमाराला पोर्ट ब्लेअरला उतरा, भांगाचे दिवस हॅवलॉक बेटावर काढा आणि द्वादशी-त्रयोदशीपर्यंत नीलला पोहोचा. शाळेच्या सुट्ट्या तिथी बघून मिळत नाहीत हे मान्य. पण दोन-तीन दिवस मागेपुढे करता येत असतील तर ते याच कारणासाठी करा. विमानाचं तिकीट चारशे रुपयांनी स्वस्त आहे म्हणून नको.

२. तिकिटं कोणत्या क्रमाने काढायची

आधी विमान, मग बोट, शेवटी हॉटेल. बहुतेक जण आधी हॉटेल धरतात, मग त्या तारखांना बोट मिळत नाही आणि सगळं विस्कटतं. दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीत बोटी लवकर भरतात.

कोल्हापूरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकात्याहून जावं लागतं. आमच्या घरी ज्येष्ठ मंडळी होती, म्हणून हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपती, दर्शन आणि तिथून चेन्नई असा मार्ग घेतला. हा मार्ग घ्यायचा तर दर्शन आणि विमान यांच्यात एक पूर्ण दिवस सोडा. बालाजीच्या रांगेला तुमच्या विमानाची वेळ माहीत नसते.

नावांचा घोळही आधीच मिटवून घ्या. हॅवलॉकचं अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. बोलताना सगळे जुनी नावं घेतात, तिकिटावर कुठलंही असू शकतं. इथे मी बोलण्यातलीच वापरतोय.

सावधान: विमानातून उतरल्याच्या दिवशीच हॅवलॉकची बोट धरू नका. विमानाला दोन तास उशीर झाला की बोट गेलीच. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच मुक्काम हवा. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, आणि बेटावर अडकलेल्या माणसासाठी विमान थांबत नाही.

स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात उतरणं, करायचं असेल तर ते सहलीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ ते २४ तास जाऊ द्यायचे असतात. शेवटच्या दिवशी सकाळी स्कुबा आणि दुपारी विमान, असा कागद कुणी हातात दिला तर तो परत द्या.

३. पाण्याचं वेळापत्रक स्वतःच्या हाताने लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. निघायच्या आठवडाभर आधी पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता मिळवा. भारतीय सर्वेक्षण विभाग देशातल्या बंदरांचे तक्ते प्रसिद्ध करतो, हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. मोबाइलवरच्या ॲपांतही हे आकडे सापडतात. ॲप वापरलंत तर दोन गोष्टी बघा: ठिकाण पोर्ट ब्लेअर किंवा हॅवलॉकच निवडलंय ना, आणि वेळ भारतीय आहे ना.

मालवणला सोयरेधायरे असलेल्यांना "तिथीची पाऊणपट" हा हिशेब पाठ असतो: चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. हा हिशेब कोकणपट्टीचा. अंदमानात तो लावू नका, काही तासांनी चुकाल. माझ्या चुलत्यांनी तिथे उभं राहून बोटं मोजली होती आणि समुद्राने त्यांचं ऐकलं नव्हतं.

एका दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास, आणि रोज ही वेळ सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कागदावर प्रत्येक दिवसासाठी चार रकाने आखा: ओहोटी, भरती, सूर्योदय, सूर्यास्त. ओहोटीच्या वेळेशेजारी पाण्याची उंचीही लिहा. ०.३ मीटर आणि ०.९ मीटर दोन्ही ओहोट्याच, पण पहिलीला खडकांतली डबकी उघडी पडतात, दुसरीला नुसते घोटे ओले होतात.

समजा नीलच्या दिवशी ओहोटी सकाळी १०:४० ला, ०.३ मीटर. नैसर्गिक पुलासाठी सव्वानऊला किनाऱ्यावर हजर व्हायचं. उतरत्या पाण्यामागोमाग चालत जायचं आणि साडेअकराला परत फिरायचं. ओहोटीच्या क्षणाला पोहोचलात तर बघायला वेळ मिळतो, परतायला मिळत नाही.

कारण पाणी एकसारखं चढत नाही. चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. अंदमानात उधाणाला दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे मधल्या दोन तासांत मीटरभर पाणी वाढतं. पहिला तास काहीच होत नाही असं वाटून माणूस फोटो काढत बसतो आणि परतीची वाट हातची जाते.

आता सूर्य. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. त्यामुळे तिथे सूर्य कोल्हापूरपेक्षा जवळजवळ सव्वा तास आधी मावळतो. नोव्हेंबरात पाच वाजायच्या आतच. "चहा घेऊन पाचला निघू" असं म्हणणारा माणूस हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याच्या वाहनतळावर अंधारात उतरतो. तसाच सूर्योदयही लवकर, साडेपाचच्या आतबाहेर. पहाटे चारला उठायची तयारी नसेल तर सूर्योदयाचा किनारा यादीतून काढून टाका, उगाच मुलांना छळू नका.

तपासा: तक्ता पोर्ट ब्लेअरचा असेल तर हॅवलॉक-नीलसाठी अर्ध्या तासाची सूट धरा. तयार कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. बेटांवर नेट कधी चालतं, कधी रुसतं.

४. घरी करायची तयारी

पायांत काय घालायचं ते आधी. कोल्हापुरी चप्पल घेऊन जाऊ नका. खाऱ्या पाण्यात कातडं फुगतं, वाळल्यावर आकसतं आणि जोड कायमचा जातो. मेहुण्याने नवा करकरीत जोड तिकडे नेला होता, आता तो गॅलरीत कुंडीखाली आहे. मागे पट्टा असलेले रबरी सँडल किंवा पाण्यात घालायचे मऊ बूट घ्या. साधी स्लीपर प्रवाळाच्या खडकांवर एकदा तरी निसटतेच.

मास्कचा सराव अंबाई टँकवर किंवा घराजवळच्या कुठल्याही जलतरण तलावात आठवडाभर आधी करा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर मापाचा. मिशीवाल्यांचा मास्क वरच्या ओठापाशी गळतो. मिशी काढा असं कोल्हापुरात कुणाला सांगायची माझी छाती नाही, पण मिशीवर व्हॅसलीनचा जाड थर दिला की बरंच थांबतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते आधीच विचारून घ्या. चष्म्यावर मास्क बसत नाही.

पिशवीत पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट हवाच. स्नॉर्केलिंग करताना तोंड पाण्यात आणि पाठ उन्हात असते. तासाभरात ती अशी भाजते की रात्री उताणं झोपता येत नाही. खोबरेल तेल घ्या, त्याचं कारण पुढे येईल. जखमेचं मलम, उलटीची गोळी, स्टीलची बाटली, प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र आणि थोडी जास्त रोकड. एटीएम मोजकी आहेत आणि गर्दीत रिकामी होतात.

भडंग जरूर घ्या, पण डब्यात. पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरहून जॉली बॉय किंवा रेड स्किन बेटावर जाणार असाल तर प्लास्टिक नेऊ देत नाहीत, धक्क्यावरच पिशव्या तपासतात. ही दोन्ही बेटं एकाच वेळी उघडी नसतात. हंगामाप्रमाणे एक चालू, एक बंद. सोमवारी तिकडे जाऊ नका.

५. बोटीचा दिवस

सरकारी बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात, खासगी बोटी हॅडोहून. रिक्षावाल्याला नुसतं "जेट्टी" म्हणू नका, धक्क्याचं नाव सांगा. तासभर आधी पोहोचा.

निघण्याआधी पोट भरून खायचं, ही आपली सवय इथे नडते. इडली, केळ, बिस्किटं पुरेत. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी. मळमळायला लागल्यावर घेतली तर ती गोळीच पहिली बाहेर येते. मधल्या भागातली जागा घ्या, मोबाइल खिशात ठेवा, नजर क्षितिजाकडे.

६. कुठला किनारा कोणत्या वेळी

आधी हॅवलॉक. राधानगर, म्हणजे सात नंबरचा किनारा. (घरी फोन करून "राधानगरला आलोय" म्हटलं तर आई म्हणाली, "मग धरण भरलंय का बघून ये.") पश्चिमेला तोंड, वाळूचा लांब किनारा, त्यामुळे भरती-ओहोटीची फारशी चिंता नाही. भरतीला वाळूचा पट्टा अरुंद होतो, इतकंच. दुपारी तीनला पोहोचा, आधी पोहा, मग सूर्यास्त बघा. सूर्य मावळताच पाण्यातून बाहेर काढतात, तिथे वाद घालू नका. जेट्टीपासून १२ किलोमीटर आहे आणि परतीचा रस्ता झाडीतला, अंधाराचा. गाडी आधीच ठरवून ठेवा.

एलिफंट बीच सकाळी, आणि शक्य तितक्या लवकर. बोटी जेट्टीपासून सुटतात आणि हवामान बिघडलं तर बंद होतात. म्हणून तो हॅवलॉकच्या पहिल्याच सकाळी ठेवा, हुकला तर दुसरी सकाळ शिल्लक राहते. स्नॉर्केलिंगसाठी मी हाच किनारा निवडेन.

काळापत्थर बघायला सुंदर, पोहायला नको. खडक आहेत आणि ओढ आहे. पूर्वेकडचा किनारा असल्याने हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यात तिथलं पाणी जास्त उसळतं. विजयनगरला म्हणजे पाच नंबरला ओहोटीत पाणी फार लांब जातं. हॉटेल तिथलं असेल तर भरतीला पोहा आणि ओहोटीला नुसतं चाला.

नीलचं गणित सोपं. भरतपूर भरतीला, लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीला, सूर्यास्त लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, सूर्योदय सीतापूरला. लक्ष्मणपूर नावाचे दोन किनारे आहेत. रिक्षात बसताना "एक नंबर की दोन नंबर" ते स्पष्ट सांगा. पूल दोन नंबरला. तिथे स्थानिक गाइड घ्या. वाट शेवाळलेल्या खडकांतून जाते आणि डबक्यांतलं आपल्या डोळ्यांना काही दिसत नाही. आमच्या गाइडने एका साध्या भेगेकडे बोट दाखवलं. दोन मिनिटं टक लावून बघितल्यावर तिच्यातून आठ पायांचा ऑक्टोपस हलला.

७. पाण्यात उतरण्याआधी

पंचगंगेच्या पुरात उड्या मारणाऱ्यांना समुद्रात भीती वाटत नाही, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. नदीची ओढ एका दिशेने असते, ती दिसते, आणि काठ दोन्ही बाजूंना असतो. समुद्रात लाटांनी आत आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने बाहेर जातं. यालाच रिप करंट म्हणतात. वरून तो पट्टा उलट शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच एक गुळगुळीत, थोडी गढूळ वाट दिसतेय, तर तिथे उतरायचं नाही.

सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडा, मग लाटांबरोबर आत या. तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा.

सावधान: अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाड्या, खारफुटी आणि ओढ्यांची तोंडं या त्यांच्या जागा. २०१० मध्ये राधानगरजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. किनाऱ्यावरचा फलक शोभेसाठी लावलेला नसतो. जाळी किंवा दोरी लावून पोहण्याची जागा आखली असेल तर तिच्या आतच राहा, आणि पहाटे-संध्याकाळी अंधुक उजेडात पाण्यात जाऊ नका.

स्नॉर्केलिंगमध्ये दमल्यावर सगळ्यात आधी पाय खाली टेकवावासा वाटतो. खाली प्रवाळ असेल तर ते मोडतं आणि तुमचा पायही कापतो. ही जखम लहान दिसते पण चिघळते. लगेच गोड्या स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, आतले कण काढा, मलम लावा आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात जाऊ नका.

आता खोबरेल तेल. वाळूत डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या वाळूमाश्या असतात. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायांवर लाल ठिपके उठतात आणि खाज आठवडाभर टिकते. वाळूवर थेट आडवे होऊ नका, जाड चादर किंवा खुर्ची घ्या, पोटऱ्यांना तेलाचा हात फिरवा. खाजवलंत तर कोल्हापुरात येईपर्यंत फोड झालेले असतील.

तपासा: पाण्यात जाताना किनाऱ्यावरचा एक माड किंवा छत्री डोळ्यांत धरून ठेवा. दर पाच मिनिटांनी वर बघा. ती खूण बाजूला सरकलेली दिसली तर तुम्ही वाहताय.

८. किनारा सोडताना

हे काम हॉटेलवर करू नका, वाळूतच करा. मुलांचे खिसे, बादली, सँडलच्या खाचा रिकाम्या करा. प्रवाळ, अगदी मेलेलं, पांढरं पडलेलं असलं तरी, नेणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शंखांच्याही काही जाती त्यात येतात, आणि कुठला चालतो, कुठला नाही हे वाळूत उभं राहून आपल्याला ओळखता येत नाही. विमानतळावर सामान तपासलं जातं. शंखाची वस्तू हवीच असेल तर अधिकृत दुकानातून घ्या आणि पावती सामानात वर ठेवा.

आमच्या धाकट्याच्या पँटच्या खिशातून तीन पांढरे तुकडे निघाले होते. त्याला विचारून, रडू देऊन, त्याच्याच हाताने ते पाण्यात टाकायला लावले. त्यात पंधरा मिनिटं गेली. तेवढी वेळापत्रकात धरा.